उत्तराची घाई

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली आणि माईने ताटलीत कडुलिंबाची चटणी आणली. कोवळा पाला, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, जिरं, हिंग. आमच्या साडेसहा वर्षांच्या चिरंजिवांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "हे कडू कशाला असतं?"

"किड्यांनी खाऊ नये म्हणून. झाड स्वतःच आपल्या पानांत कडू द्रव्यं तयार करतं," त्याची आई म्हणाली.

त्याच क्षणी माई म्हणाली, "आधी गिळ. मग झाडाखाली जाऊन बघ, कडुलिंबाच्या पानांना किती भोकं आहेत आणि शेजारच्या जास्वंदीच्या पानांना किती."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चिरंजिवांनी उरलेली चटणी हळूच माझ्या ताटलीत सरकवली.

माई म्हणजे माझी आई. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तिने 34 वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. निवृत्त होऊन ती पुण्याला आमच्याकडे आली, पण खडू काही सुटला नाही. पर्समध्ये आजही एक तुकडा असतो. माझी बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मुलाने प्रश्न विचारला की त्याच दिवशी, शक्य तर त्याच मिनिटाला, खरं उत्तर द्यायचं हा तिचा नेम. मुलाच्या प्रश्नाला लगेच उत्तर देऊन तो मारून टाकू नये, हा माईचा. वर्षभर हे दोन नेम एका घरात कसेबसे नांदतात. पण वसंत आला की भांड्याला भांडं लागतं.

दोष ऋतूचा आहे. वेताळ टेकडीवर काटेसावर एकही पान नसताना लाल फुलांनी भरते आणि महिन्याभरात तिचा कापूस आमच्या गच्चीपर्यंत उडत येतो. पहाटे साडेचारला कोकीळ सुरू होतो. माळ्यावरचा माठ खाली येतो आणि त्यातलं पाणी फ्रीजशिवाय गार कसं होतं, हा प्रश्नही त्याच्यासोबत खाली येतो. या वर्षी भरीला गॅलरीतल्या मधुमालतीच्या वेलात बुलबुलाने घरटं केलं. जागेपणी दर दहा मिनिटांनी एक प्रश्न, असा हिशेब मी एका रविवारी केला आणि दुपारी सोडून दिला.

एप्रिलच्या मध्यावर घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आंब्याच्या डाळीची तयारी चालली होती. माई भिजलेली डाळ उपसत होती, बायको पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होती, आणि कैऱ्या किसायचं काम माझ्याकडे होतं. त्या दोघींमध्ये जे बोलणं झालं, ते ऐकलं तसं लिहितो. मुलगा ज्या नावांनी हाक मारतो तीच नावं ठेवतो.

आई : माई, एक बोलू? पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तुम्हाला विचारलं, पिंपळाची नवी पानं लाल का असतात. तुम्ही म्हणालात, "रोज बघ आणि मला सांग." त्याला एवढंसंच हवं होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं.

माई : सांग की मग. काय आहे ते वाक्य?

आई : कोवळ्या पानात हिरवं द्रव्य भरायला वेळ लागतो. तोवर त्यात तांबडं द्रव्य असतं, ते नाजूक पानाला उन्हापासून जपतं.

माई : छान. हे ऐकून तो काय म्हणाला असता?

आई : "ओके" म्हणाला असता.

माई : आणि सायकल घेऊन खाली पळाला असता. मी सांगितलं नाही, म्हणून तो रोज त्या झाडाखाली जातोय. खालच्या एका डहाळीला माझ्या लोकरीचा तुकडा बांधलाय, खुणेला. परवा येऊन मला सांगतो, "माई, शेंड्याचं पान लाल, त्याच्या खालचं पोपटी, त्याच्या खालचं हिरवं. म्हणजे मोठं झालं की हिरवं होतं." तुझ्या वाक्यात हे आहेच. पण हे त्याने मिळवलेलं आहे.

आई : अर्धंच मिळवलं ना! लालाचं हिरवं होतं हे दिसलं. का होतं, ते वर्षभर झाडाखाली बसूनही दिसणार नाही. माई, आमच्याकडे रक्ताची नळी तासभर डोळ्यांसमोर धरली तरी रक्तगट दिसत नाही. त्यात ठराविक द्रवाचा थेंब टाकावा लागतो आणि गुठळ्या होतात का ते बघावं लागतं. 1901 साली लँडस्टायनरने हे शोधून ठेवलं, म्हणून मला आज दोन मिनिटांत सांगता येतं. प्रत्येक पोराने सगळं पहिल्यापासून शोधत बसायचं, तर मधल्या माणसांनी केलं ते कशासाठी?

माई : शोधत बसू दे असं मी कुठे म्हणते? जरा भूक लागू दे म्हणते. भूक नसताना वाढलेलं पानात टाकून उठतात मुलं. शाळेत मी पाहिलंय ना. "पानांचा रंग हिरवा का?" विचारलं की आख्खा वर्ग एका सुरात उत्तर म्हणायचा. आणि मागच्या खिडकीत कुंडी सुकली होती, ती एकालाही दिसलेली नसायची.

आई : तो पाठांतराचा दोष. उत्तर देण्याचा नाही.

माई : तेही खरं. पण ऐक. डी.एड.ला असताना, 1974 साली, आमची सहल कोसबाडला गेली होती. ताराबाई मोडक आदल्याच वर्षी वारल्या होत्या. अनुताई वाघ तिथे होत्या. आदिवासी मुलं गुरं सोडून शाळेत येईनात, म्हणून त्या बायकांनी शाळाच गुरं चरतात तिथे नेली होती. कुरणशाळा! बिया, दगड, पानं, शंख-शिंपले हेच सामान. माझ्या डोक्यात तेव्हा बसलं ते अजून निघालेलं नाही. मूल जिथे बघतंय तिथे आपण जायचं. आपण जिथे उभे आहोत तिथे त्याला ओढायचं नाही.

आई : माई, मी पण एक जुनी गोष्ट सांगते. 24 ऑक्टोबर 1995. मी आठ वर्षांची होते. ऐन दिवाळीत सकाळी सूर्यग्रहण होतं. उत्तरेत खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. आमच्या घरात खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. मी विचारलं, सूर्याला काय होतंय? आजीने सांगितलं, "असलं विचारू नये." वडिलांना विचारलं, ते म्हणाले, "गप्प बस." चादरीच्या फटीतून जमिनीवर उजेड पडला होता, तो रोजच्यासारखा नव्हता. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला इतकी भीती वाटली! चंद्र मध्ये आलाय, एवढंच सांगायला हवं होतं. ते मला पाचवीत शाळेच्या लायब्ररीत कळलं. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलाचा प्रश्न रात्रभर लोंबकळत ठेवायचा नाही.

माई : अगं, पण "गप्प बस" आणि "बघ" यात फरक नाही का?

आई : तुम्हाला आहे. मला आहे. साडेसहा वर्षांच्या मुलाला "नंतर सांगते" आणि "गप्प बस" हे वेगळं ऐकू येतं का, सांगा.

इथे माईने मिक्सर सुरू केला. भरड डाळ वाटायला तिला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला.

माई : (मिक्सर थांबवून) बरं. पण तुझी उत्तरं तरी नेहमी बरोबर असतात का? मार्चमध्ये तो ओंजळभर वाळकी पानं घेऊन आला होता, आठवतं? "आई, पुस्तकात लिहिलंय पानं ऑटममध्ये गळतात आणि स्प्रिंगमध्ये नवी येतात. मग ही आत्ता का गळतायत?" तू काय म्हणालीस?

आई : म्हणाले... हे झाड जरा वेगळं असेल.

माई : झाड वेगळं नाही, पुस्तक वेगळ्या गावचं आहे. जिथे बर्फ पडतं तिथलं ते गणित. थंडी यायच्या आत पानं टाकायची, थंडी सरली की नवी काढायची. आपल्याकडे झाडाला थंडीचं एवढं भय नाही, पाण्याचं आहे. म्हणून इथली पानगळ शिशिरात सुरू होते ती पार वसंतापर्यंत चालते. पिंपळ तर एका हाताने जुनी टाकतो आणि दुसऱ्या हाताने नवी काढतो. आणि तीही कधी, तर ऊन तापायला लागल्यावर, पावसाला दोन-अडीच महिने असताना. पोराने डोळ्यांनी पाहिलं ते खरं होतं. तू त्याला पुस्तकासाठी खोटं पाडलंस.

आई : (थोडा वेळ गप्प राहून) हे मान्य. इथे मी घाई केली. पण मग कोकीळही घ्या.

माई : त्याचं काय?

आई : पहाटे तो ओरडायला लागला की तुम्ही म्हणता, "ऐक, कोकिळा गातेय."

माई : मग? सगळेच म्हणतात.

आई : सगळेच चुकतात. तो कुहू-कुहू करतो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी असते, अंगभर पांढरे ठिपके. ती किक्-किक् असं काहीतरी कर्कश ओरडते. गाणारी कोकिळा म्हणून आपण जिचं शतकानुशतकं कौतुक करतोय, ती गातच नाही. आता सांगा, इतक्या पिढ्यांनी ऐकलं, दर वसंतात ऐकलं. नुसतं निरीक्षण करून कळत असतं तर एव्हाना कळलं नसतं का? हे मी पक्ष्यांच्या पुस्तकात वाचलं.

माई : पहिल्यांदा पुस्तकात ज्याने लिहिलं, त्याला कुठून कळलं?

आई : झाडाखाली उभं राहून.

माई : झालं तर! आम्ही ऐकलं, पाहिलं कुणीच नाही. आईने सांगितलं कोकिळा, तिला तिच्या आईने सांगितलं. उत्तर आयतं मिळालं म्हणून मान वर करून बघायची कुणाला गरजच वाटली नाही. हा दाखला माझ्या बाजूचा आहे, बाई.

आई : तुम्ही शाळेत काय शिकवलंत?

माई : "कोकिळा गाते."

आई : चौतीस वर्षं?

माई : चौतीस वर्षं. (हसते.) फोडणीची कढई दे इकडे.

मोहरी तडतडली. हिंग, हळद, सुक्या मिरच्या. फोडणी निवेपर्यंत दोघी टेबलाशी बसल्या. मला वाटलं, विषय संपला.

आई : तुमच्या बाजूचं आणखी एक आहे. सांगणार नव्हते, पण सांगते. 2011 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक प्रयोग छापला होता. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांना एक नवं खेळणं दिलं. त्यात चार-पाच गमती लपवल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने मुद्दाम शिकवल्यासारखी एक गंमत करून दाखवली. काहींना मुद्दाम असं काही दाखवलं नाही. ज्यांना शिकवलं, ती मुलं तेवढीच एक गंमत करत बसली. बाकीच्यांनी जास्त खटपट केली आणि जास्त गमती शोधल्या.

माई : हे मला न छापताच माहीत होतं. पण तू सांगितलंस, बरं वाटलं.

आई : थांबा, एवढ्याने मी हरत नाही. ते खेळणं होतं. खेळण्यातली गंमत सापडली नाही तर बिघडत काय? मी बोलतेय ते दुसऱ्या प्रश्नांबद्दल. मंगळवारच्या.

मंगळवारी सकाळी सात वाजता, दुधाचा पेला हातात धरून मुलगा गॅलरीत स्टुलावर बसला होता. बुलबुलाने तीन अंडी घातली होती. गुलाबीसर, त्यावर तांबूस ठिपके. दोन आठवड्यांनी त्यातून दोन पिल्लं निघाली. मुलाने वहीत रोजची नोंद केली होती : "आज डोळे बंद." "आज चोच उघडी." मंगळवारी त्याच्या डोळ्यांदेखत कावळा आला आणि एकामागून एक दोन्ही पिल्लं घेऊन गेला. त्या दिवशीची ओळ वहीत नाही.

आई : तेव्हा मी त्याला सगळं समजावून सांगितलं. कावळ्यालाही पिल्लं असतात, त्यांना भरवावं लागतं, तो दुष्ट म्हणून असं करत नाही. एकही शब्द खोटा नव्हता. आणि तो रडतच राहिला. मग मला म्हणाला, "तू कावळ्याच्या बाजूने का बोलतेस?"

माई : (बराच वेळ काही बोलत नाही.) ते स्टूल तिथे मीच ठेवलं होतं. रोज बघ, रोज लिही, हा धोशा माझाच. तो तिथे बसलाच नसता, तर "उडून गेली रे पिल्लं" असं म्हणता आलं असतं.

आई : तुम्ही म्हटलं असतंत?

माई : म्हटलं असतं.

आई : मी म्हणू दिलं नसतं.

माई : ठाऊक आहे मला. पण पुढचं तुला सांगितलं नाही. काल दुपारी तू त्याला सांगितलंस ना, की कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, आणि तो कावळाच तिचं पिल्लू भरवून मोठं करतो? रात्री जेवताना एकदम म्हणाला, "बरं झालं. कावळ्याला शिक्षा झाली."

आई : अरे देवा. मग तुम्ही काय म्हणालात?

माई : काही नाही. आमटी वाढली.

आई : माई! ती शिक्षा नाहीये. कोकिळेला बुलबुलाचं काय देणंघेणं? मी त्याला एक खरी गोष्ट सांगितली, त्याने तिची न्यायनिवाड्याची कथा केली, आणि तुम्ही ती तशीच राहू दिलीत. एरवी म्हणता, मुलाने स्वतः शोधावं. त्याने शोधलं ते साफ चुकीचं आहे!

माई : चुकीचं आहे. पण मंगळवारनंतर काल पहिल्यांदा तो पोटभर जेवला. जगात कुठेतरी फिट्टंफाट होते, असं वाटल्याशिवाय त्या वयाच्या पोराला झोप लागत नाही गं. पिंपळाचं पान मी त्याच्याकडून पन्नास वेळा तपासून घेईन. हे नाही घेणार.

आई : आणि दहाव्या वर्षी त्याला कळलं, की असं काही नसतं? तेव्हा म्हणेल, माईला ठाऊक होतं आणि तिने मला फसवलं.

माई : म्हणू दे. तेव्हा मी असले, तर ऐकून घेईन.

यावर माझ्या बायकोकडे उत्तर नव्हतं, आणि आपल्याकडे उत्तर नाही हे तिला आवडतही नव्हतं. ती उठली आणि माठातून दोघींसाठी पाणी घेऊन आली. माझ्या हातातली कैरी केव्हाच संपली होती. मी नुसतीच किसणी धरून बसलो होतो.

तेवढ्यात चिरंजीव आत आले. डाळीच्या पातेल्यात बोट घातलं, चाटलं, आणि विचारलं, "कैरी आंबट असते आणि आंबा गोड. मग मधल्या दिवशी कशी लागते?"

दोघींनी तोंड उघडलं आणि दोघींनीही मिटलं. कुणीच बोलेना, तेव्हा मी संधी साधली.

"काय रे," मी म्हटलं, "तुला प्रश्न पडला की आधी कुणाला विचारावंसं वाटतं? आईला की माईला?"

"ते वेळ किती आहे त्यावर," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आईला विचारलं की लगेच कळतं. माईला विचारलं की खूप दिवस लागतात. स्कूल बस यायची असेल तर मी आईला विचारतो. सुट्टी असेल तर माईला."

"आणि मला कधी विचारतोस?"

त्याने जरा विचार केला. "तुम्हाला नाही विचारत, बाबा. तुम्हाला मी सांगतो."

आमच्या दोन पंडिता ज्यावर तासभर भांडत होत्या, त्याचं वेळापत्रक त्याने परस्पर लावून टाकलं होतं. आपल्याला वाटतं, आपण मुलाला घडवतोय. तोवर मूल घरातल्या प्रत्येक माणसाचा उपयोग ठरवून मोकळं झालेलं असतं.

त्यानंतर दोघींनी मिळून एकच गोष्ट केली. ठरवून नव्हे, भांडतच.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी माई त्याला दुपारी साडेबाराला गच्चीवर घेऊन गेली. तिथे कपडे वाळत घालायच्या तारेसाठी पुरुषभर उंचीचा एक सरळ लोखंडी खांब आहे. त्याची सावली जिथे संपते, तिथे तिने पर्समधल्या खडूने रेघ मारायला लावली. "एवढ्या उन्हात!" म्हणून बायको खालून ओरडली, मग टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन स्वतःच वर गेली. त्या दिवशी सावली दीड वीत होती. एप्रिल सरताना वीतभरही उरली नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात चार बोटं. शाळेला सुट्टी लागली होती, त्यामुळे वेळच वेळ होता. सावली रोज आखडत का चाललीय, हे त्याने माईला विचारलं, म्हणजे त्याच्याच नियमानुसार त्याला लांबचं उत्तर हवं होतं.

त्याच्या आईला पुढचं ठाऊक होतं. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य मे महिन्याच्या तेरा-चौदा तारखेला दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. शून्य सावलीचा दिवस. तारीख तिने कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. पण मुलाला सांगितली नाही. महिनाभर तिने ही गोष्ट पोटात ठेवली. तिचा स्वभाव पाहता हे सोपं नव्हतं.

13 मेला आम्ही चौघं गच्चीवर होतो. फरशी पायाला चटके देत होती. खांबाच्या बुंध्याशी माईच्या खडूच्या रेघा शिडीसारख्या एकाखाली एक दिसत होत्या. बायकोने पोह्यांचा स्टीलचा डबा रिकामा करून, झाकण काढून, फरशीवर उभा ठेवला. साडेबारा वाजले. खांबाची सावली गेली. डब्याच्या चारी बाजूंना नुसतं ऊन.

"कुठे गेली?" त्याने विचारलं.

बायकोने श्वास घेतला. महिनाभर थोपवलेलं उत्तर आता ती देणार, हे मला दिसलं. अक्षांश, सूर्य, पृथ्वीचा कललेला आस, सगळं. माईनेही ते ओळखलं, पण या वेळी ती आडवी आली नाही. मात्र बायकोचा पहिला शब्द बाहेर पडायच्या आत त्याने वाकून डबा उचलला. घरात एखादी वस्तू हरवली की उचलून खाली बघतात तसा.

फरशीवर गोल काळी सावली होती.

"इथे आहे! डबा तिच्यावर बसला होता!"

मग तो स्वतः उभा राहिला. डबा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग त्याने उडी मारली आणि हवेत असताना खाली वाकून पाहिलं. माई हे 34 वर्षांत कधी पाहिलं नाही म्हणाली. बायको म्हणाली, कुठल्या पुस्तकात डबा उचलायला सांगितलेलं नाही. अक्षांशाची गोष्ट तिने त्याला सांगितली, पण रात्री, गादीवर, त्याने विचारल्यावर. दुसऱ्या आठवड्यात सावली पुन्हा दिसायला लागली, पण खांबाच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिणेकडे. ही बातमी मला त्यानेच सांगितली.

कावळ्याच्या शिक्षेचा निकाल मात्र अजून तसाच आहे. त्याची आई अधूनमधून अस्वस्थ होते. माई आमटी वाढते.

महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. कोल्हापुरात 6 तारखेच्या सुमारास, पुण्यात 13-14 ला, मुंबईत 15-16 ला, नागपुरात 26 च्या आसपास. पावसाळ्यात तो आणखी एकदा येतो, पण तेव्हा बहुतेक आभाळ भरलेलं असतं. म्हणून मेमध्येच एक सरळ उभा डबा गच्चीवर किंवा अंगणात ठेवा, दुपारी साडेबाराच्या आसपास घरातल्या पोराला टोपी घालून तिथे न्या. आणि त्याने डबा उचलेपर्यंत तोंड उघडू नका.